लिनक्सवर भूमिती टाकताना

रविना वसावेला पहिली शिसारी आली ती कीबोर्डची. आश्रमशाळेला पाच जुने कॉम्प्युटर देणाऱ्या संस्थेचा जगदीश नंदुरबारहून आला होता. तोंडात गुटख्याचा तोबरा, आणि बोलताना उडालेले लाल शिंतोडे बटणांवर तसेच वाळत होते.

"मॅडम, याच्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. फुकटचं. लागेल ते डाउनलोड करायचं, डबल क्लिक करायचं, खलास."

बॅनर लावून त्याने फोटो काढले, 'प्रशिक्षण संपन्न' असं लिहिलेल्या कागदावर हेडमास्तरांची सही घेतली आणि तासाभरात जीपमध्ये बसला.

रविना शाळेची ग्रंथपाल. काठी गावाच्या पुढच्या पाड्यावरची. घरी भिली बोलायची, शाळेत मराठी. पुस्तकांच्या तीन कपाटांसोबत आता हे पाच डबेही तिच्या गळ्यात पडले. तिने फडकं ओलं करून बटणं पुसली. एक डबा उघडला तर आत उंदराच्या लेंड्या आणि वाळलेली पाल. तीही तिनेच काढली.

गणिताच्या चुडामण सरांना पडद्यावर वर्तुळं काढून दाखवायचं सॉफ्टवेअर हवं होतं. शाळेत इंटरनेट नाही, म्हणून रविवारी रविना जीपने घाट उतरून अक्कलकुव्याला गेली. सायबर कॅफेत एकाच पानावर 'डाउनलोड'ची चार हिरवी बटणं होती. एकातून जुगाराची जाहिरात निघाली, दुसऱ्यातून कसलेसे उघडेवाघडे फोटो. शेजारचा माणूस खिदळला. तिने घाईघाईने एक फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. शाळेत आणून पाहिली तर ती विंडोजची. डबल क्लिक करून काहीच होईना.

तिने जगदीशला फोन लावला.

"अहो, तुम्हाला चालवायला कोणी सांगितलं?" तो हसला. "फोटो वर गेले ना, काम झालं."

तिने फोन आपटला. त्या दिवशी शाळेच्या चाळीस पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या या माणसासाठी.

पुढच्या रविवारी ती जाहिरातींच्या पानावर गेलीच नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची मूळ साइट शोधून तिने लिनक्सची, नावाच्या शेवटी 'डेब' असलेली फाइल आणली. शाळेत टर्मिनलची काळी खिडकी उघडून, मदतीच्या पानावरून वहीत उतरवून घेतलेली आज्ञा टाइप केली. मशीनने पासवर्ड मागितला, तो टाइप करताना एकही अक्षर दिसेना. गुटख्याने बटणं चिकटली असणार, असं वाटून तिने शिवी हासडली. मग वहीत पाहिलं: पासवर्ड दिसत नसतोच. एंटर दाबल्यावर उत्तर आलं. फाइल चौसष्ट बिटची, मशीन बत्तीस बिटचं; म्हणजे फाइल नव्या मशीनसाठीची, हे जुनं.

पुन्हा घाट. बत्तीस बिटची फाइल आली, तर मशीनने आणखी तीन पॅकेजेस मागितली, म्हणजे सोबत लागणारे छोटे प्रोग्रॅम. त्यांच्याशिवाय हे बसेना.

"काय व्हयनं वं ताई?" ब्राह्मणपुरीच्या चुडामण सरांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"याला सोबत्यांशिवाय करमत नाही, सर. आणि हे सांगायला कोणी तयार नाही."

तिने तिन्ही नावं आवृत्तीच्या आकड्यांसकट वहीत उतरवली. चौथ्या खेपेला ती तिन्ही आणून भूमितीच्या फाइलशेजारी एकाच फोल्डरमध्ये ठेवली आणि सगळी एकाच आज्ञेत बसवली. ओळी सरसर वर गेल्या आणि थांबल्या. यावेळी एकही चूक आली नाही. मेनूत भूमितीचं चित्र आलं.

चुडामण सरांनी वर्तुळ काढलं, जीवा ओढली, केंद्र धरून सगळं वर्तुळ सरकवलं. "ताई, हाई तं चालू व्हयनं वं! जगदीशले सांगू का?"

"नको. तो याचेही फोटो काढेल."

सर हसले. रविना हसली नाही. तिने बाहेर जाऊन नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. परत येऊन एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: फाइल लिनक्सचीच हवी, मूळ साइटवरूनच घ्यायची, मशीन किती बिटचं ते आधी बघायचं, सोबतची पॅकेजेस विसरायची नाहीत, पासवर्ड दिसत नाही म्हणून घाबरायचं नाही.

पाच ओळी झाल्या. त्या वाचून तिचं डोकं पुन्हा तडकलं. एवढंच तर होतं, आणि एवढ्यासाठी चार रविवार गेले होते. तिने कागद भिंतीवर चिकटवला आणि दुसरं मशीन चालू केलं.