मार्थाच्या खिडकीतलं निर्माल्य

शेजारी चेटकीण राहते हे मला सिॲटलच्या विमानतळावरून रेडमंडला जाताना गाडीतच कळलं. "आई, घाबरू नकोस हं," माझा मुलगा निखिल म्हणाला, "मार्था एकदम स्वीट आहे. पण ती विच आहे. जोक नाही, सिरियसली. पेगन म्हणतात, म्हणजे निसर्गाची पूजा करणारे, त्यांचा धर्मच आहे तो." सांगलीहून निघताना मी थंडीची तयारी केली होती, पथ्याची केली होती. चेटकिणीची मात्र केली नव्हती.

रेडमंड हिरवंगार आहे आणि कायम ओलं. उंचच उंच सूचिपर्णी झाडं, त्यांच्यामध्ये लाकडी घरं, आणि सकाळी निखिल बसने ऑफिसला गेला की रस्त्यावर चिटपाखरू नाही. चौथ्या दिवशी कुंपणापलीकडून रबरी बूट घातलेली एक पांढऱ्या केसांची बाई हात हलवू लागली. तीच मार्था. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली, एकटी, आणि गुडघ्यांनी माझ्याइतकीच बेजार.

माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण तिला ते चालायचं. दुसऱ्याच भेटीत मी विचारलं, "तू झाडूवर बसून उडतेस का?"

"गुडघे गेल्यापासून नाही," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

तिचा देव्हारा स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. मेणबत्ती, मिठाची वाटी, पाण्याची वाटी, एक पीस, काळ्या मुठीचा बोथट सुरा. "हा कापायला नाही," तिने समजावलं. "याने मी माझ्याभोवती हवेत वर्तुळ आखते आणि आत बसून प्रार्थना करते." पौर्णिमेच्या संध्याकाळी तिने मला अंगणात नेलं. चंद्र ढगांआड होता, तरी त्याच्याकडे तोंड करून तिने सफरचंदाच्या केकचा पहिला तुकडा मातीवर ठेवला. नैवेद्यच की हा! मला फार बरं वाटलं. आपल्यासारखंच आहे सगळं, असं मी ठरवूनच टाकलं, आणि त्यानंतर विचारायचं सोडून दिलं. माझं चुकलं ते इथे.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा साविन येतो (सुगी संपून थंडी लागते तो सण, या दिवशी गेलेली माणसं जवळ येतात अशी त्यांची श्रद्धा). मार्थाने मला जेवायला बोलावलं. "जेवताना कुणी बोलायचं नाही. गेलेल्यांसाठी ताट वाढायचं. तुझ्या नवऱ्याचंही वाढू. काय आवडायचं त्याला?" यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. "वरणभात," मी कशीबशी म्हणाले. तिने यांचं नाव दोनदा म्हणून घेतलं आणि कागदावर लिहून ठेवलं.

सणाच्या आधी ती दोन दिवस बहिणीकडे गेली. मांजराला खाऊ घालायला किल्ली माझ्याकडे दिली. मांजर जेवलं, मी निघाले, आणि खिडकीकडे लक्ष गेलं. देव्हाऱ्यात लॅव्हेंडरची एक वाळकी जुडी होती, धुळीने माखलेली. आता देवापुढे वाळलेलं फूल म्हणजे निर्माल्य. ते ठेवू नये, कचऱ्यात टाकू नये, वाहत्या पाण्यात सोडावं. हे मला कुणी शिकवावं लागत नाही. बिचारीला गुडघ्यांमुळे जमत नसेल, असंही वाटलं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. मी वाट्या लिंबाने घासल्या, सुरा पुसला, शेवंतीची ताजी फुलं मांडली. जुडी ओंजळीत घेऊन घरामागच्या ओढ्यात सोडली आणि वर नमस्कारही केला.

मार्था परत आली तेव्हा मी मुद्दाम तिथे हजर होते. तिने खिडकीकडे पाहिलं. "इथली लॅव्हेंडर कुठे गेली?"

मी अभिमानाने सांगितलं. ती हळूच खुर्चीत बसली.

"माझ्या मुलीने खुडली होती ती. आजारी होती, शेवटचा उन्हाळा होता तिचा. दर साविनला मी त्यातली एक काडी विस्तवात टाकते आणि तिच्याशी बोलते. त्या काड्या मला आयुष्यभर पुरल्या असत्या, सुधा."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आम्ही पावसात ओढ्यावर गेलो. मी बुटांसकट पाण्यात उतरले, दगडांखाली हात घातले, आणि हाताला लागली ती मेपलची कुजलेली पानं. मी रडत होते. "ओरड ना माझ्यावर," मी म्हणाले.

"तू प्रेमाने केलंस," मार्था म्हणाली. "म्हणून तर मला ओरडताही येत नाही. चल, थंडी वाजेल तुला."

"आई, यार, एकदा विचारायचंस तरी!" निखिल घरी आल्यावर म्हणाला. "मी तिच्यासाठी नवीन लॅव्हेंडर ऑर्डर करू का?" मी त्याला गप्प केलं.

मला वाटलं, आता कसलं बोलावणं! पण साविनला संध्याकाळी मार्था स्वतः दारात आली. तिच्या घरी टेबलावर चार ताटं होती. एका ताटापुढे चिठ्ठीवर यांचं नाव होतं आणि ताटात पिवळं, जरासं पातळ वरण घातलेला भात. तिच्या मुलीच्या ताटापुढे चिठ्ठी नव्हती. तिला कशाला लागेल चिठ्ठी? बोलायचं नव्हतं, त्यामुळे मला माफीही मागता आली नाही. जेवण झाल्यावर मार्था सवयीने उठली, भिंतीतल्या शेकोटीपाशी गेली, हात पुढे केला. हातात काही नव्हतं. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन बसली.

सांगलीला परतून महिना झाला. इथे भेटेल तो चेटकिणीच्या गमती विचारतो, आणि झाडूचा किस्सा सांगून मी वेळ मारून नेते. काल मार्थाला पत्र लिहायला बसले. "तुझ्या मुलीची" एवढं लिहिलं आणि हात थांबला. दोन महिन्यांत मी त्या बाईला सुऱ्याबद्दल विचारलं, मिठाबद्दल विचारलं, चंद्राबद्दल विचारलं. तिच्या मुलीचं नाव काय, ते मी कधी विचारलंच नाही.