मी गाळलेली ओळ

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि अर्ज सोडले तर मी फारसं काही लिहिलेलंही नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते माझं नाही, आईचं आहे. तिला लिहिता येत नाही म्हणून मी लिहितो आहे. कुठे चुकलं तर ती चूक माझी धरावी.

आई वीस वर्षं नाशिकच्या कचरा डेपोवर कचरा वेचायची. मग डेपोला कुंपण पडलं, आत यंत्रं आली, आणि आमच्या वस्तीतल्या कितीतरी बायका एकाच आठवड्यात घरी बसल्या. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आई सकाळचा चहा झाला की दारात बसायची, आणि हात कुठे ठेवावेत हे तिला सुचायचं नाही.

त्या उन्हाळ्यात वस्तीच्या समाजमंदिरात एका संस्थेचं प्रशिक्षण सुरू झालं. नदीनाल्यांच्या काठी लोक काय काय आणून टाकतात, त्यातला घातक कचरा स्वतःला इजा न होता कसा काढायचा, हे शिकवणारं. शेवटी परीक्षा होती. जे पास होतील त्यांना नदीकाठ साफ करणाऱ्या पथकात पगारी काम मिळणार होतं. आईचं नाव मीच घातलं.

शिकवायला एक वयस्क मॅडम यायच्या. त्यांची सगळी नोकरी कारखान्यांत सुरक्षा बघण्यात गेली होती. पहिल्या दिवशी त्यांनी हातमोजे, मास्क आणि गमबूट वाटले. बूट सगळे पुरुषांच्या मापाचे. आईने बुटांच्या टोकात जुन्या साडीचे बोळे कोंबले आणि ढप ढप करत घरी आली.

"काय गं, चंद्रावर चालली का काय?" शेजारच्या काकूंनी विचारलं. त्याही तिच्याबरोबर शिकायला होत्या.

"आधी नाल्यावर तर जाऊ दे," आई म्हणाली.

एक दिवस तिचा वर्ग बुडाला. रेशन दुकानात अंगठा द्यायला दिवसभर रांगेत उभं राहावं लागलं. संध्याकाळी तिने पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. "आजचा धडा वाचून दाखव." दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. मी भराभर वाचत गेलो. एका पानावर ओळ होती, 'अनोळखी डबा उघडून, वास घेऊन आतला पदार्थ ओळखण्याचा प्रयत्न करू नये.' ती मी गाळली. मला वाटलं, असं कोण करतं?

परीक्षा समाजमंदिरामागच्या मोकळ्या जागेत झाली. पाच बंद डबे मांडले होते. लांब थांबायचं, वारा कुठून येतो ते बघायचं, डब्यावरचं धोक्याचं चित्र ओळखायचं. डबा कोरा असेल तर हात वर करायचा आणि भोवती फीत बांधायची. हात लावायचा नाही. मी भिंतीपाशी उभा होतो. चार डबे आईने नीट केले. पाचवा कोरा होता. ती सरळ त्याच्याजवळ गेली, मास्क खाली ओढला, झाकण सैल केलं आणि नाक लावलं.

"फिनेल हाय, मॅडम. निस्तं फिनेल."

खरंच फिनेल होतं. काकूंनी तर टाळी वाजवली. मॅडम हसल्या नाहीत. "मावशी, ओळखलंत बरोबर. पण मी तुम्हाला पास करू शकत नाही."

"बरोबर हाय, तरी नापास?"

घरी येताना आई म्हणाली, "डेपोवर डबा सापडला की आधी झाकणापाशी वास घ्यायचा. माझ्या सासूनं शिकवलेलं. अ‍ॅसिड आसंल तर नाकाला आधी कळतं. नाकानंच माझे हात वाचवलेत. अन् आता नाक लावलं म्हणून नापास."

आई मला कधीच डेपोवर येऊ द्यायची नाही, म्हणून वीस वर्षं तिने काम कसं केलं हे मी पाहिलंच नव्हतं. मी तिला गाळलेल्या ओळीचं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं.

"मग आता परत वाच," ती म्हणाली. "सगळं वाच. तुला फालतू वाटतं ते पण."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे जाऊन कबूल केलं. "मीसुद्धा चुकले," त्या म्हणाल्या. "या बायका आधी काम कसं करायच्या हे मी विचारलंच नाही." मग त्यांनी समजावलं. काही वायूंना वासच नसतो, आणि काहींचा वास थोडाच वेळ येतो, मग नाक बधिर होतं. त्यांनी आईची पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा घ्यायचं ठरवलं. मधल्या दोन्ही रविवारी, सुट्टी असून, सराव घ्यायला स्वतः आल्या. त्यांनी दया म्हणून तिला तेव्हाच पास केलं असतं तर आम्हाला आनंदच झाला असता. केलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आज जास्त ऋणी आहे.

ते पंधरा दिवस घरात मजेचे गेले. दूध नासलं का बघायला आईने पातेलं नाकाशी नेलं की मी ओरडायचो, "आई, वास घ्यायचा नाय!" ती दचकून पातेलं खाली ठेवायची.

"आता दूध तापवायला पण मास्क लावणार का गं?" काकू दारातून विचारायच्या.

"लावीन. पोरगं कॉलेजात हाय, त्याचं ऐकावं लागतं."

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी माझा शेवटचा पेपर होता. तीन तास मी इतिहास लिहिला, पण डोळ्यांपुढे कोरा डबाच होता. बाहेर आल्यावर फोन पाहिला. कुणाचाही नव्हता. आई फोन करत नाही, तिला नंबर लावता येत नाही. बसमधून उतरलो तर नळावर काकू भेटल्या.

"काकू, काय झालं?"

"मी नाय सांगणार. तिनं तंबी दिलीय."

मी जवळजवळ पळतच गेलो. आई दारात बसली होती. हातात बुटांचा नवा जोड होता, आणि तो ती फडक्याने पुसत होती, खरं तर त्याला धूळ लागलेलीच नव्हती.

"नाक लय शिवशिवत होतं," ती म्हणाली. "पण मी लांबच थांबले अन् हात वर केला. सोमवारपासून नदीवर जायचंय. बूट पाच नंबरचे दिलेत. माझ्या मापाचे."