सूर्याले समजावाले कोन जाईन?

भाषणं लोक विसरतात; भाषणाला जाताना-येताना झालेली फजिती मात्र साठतच जाते. निवृत्तीनंतर आम्ही सिंदी मेघे गावातल्या तिघांनी गावोगाव जाऊन ‘हवामान का बदलतंय’ हे सांगायचं ठरवलं. भूगोलाचा मी, रसायनशास्त्राचे डंभारे सर आणि त्यांच्या पत्नी नलूताई. गाडी नलूताईंच्या हाती. आता आमच्याकडे भाषण एकच आणि किस्से पोतंभर!

*

पहिलंच गाव हिंगणी. मी म्हटलं, "हवामान आधीही बदलायचं. सूर्याचं तेज थोडं कमी-जास्त होतं, पृथ्वीची फिरायची वाट बदलते, ज्वालामुखी फुटतात. पण आत्ताची ही झपाट्याची गरमी मुख्यतः आपलीच करणी. कोळसा, पेट्रोल-डिझेल, जंगलतोड."

एक आजोबा उठले. "म्हंजे सूर्याचा दोष कमी, आपला जास्त?"

"हो."

"बरं झालं बाप्पा! सूर्याले समजावाले कोन गेलं असतं?"

*

डंभारे सरांना प्रयोगांची भारी हौस. एका शाळेत त्यांनी मातीचा ज्वालामुखी केला. आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर. फेस असा उसळला की थेट सरपंचांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर!

सरपंचांनी शर्टाकडे पाहिलं. "सर, हे नैसर्गिक कारन का मानवी?"

"मानवी," सर पुटपुटले. "सोडा म्याच जास्त टाकला."

*

"गाई-म्हशींच्या ढेकरातून मिथेन निघतो, तोही उष्णता धरून ठेवतो," एवढं मी म्हटलं न् एक बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माह्या कपिलेचे ढेकर दिसले तुमाले! आन् आमचे हे? जेवन झालं का सारा मोहल्ला जागा करतेत!"

पुढच्या रांगेतल्या ‘ह्यांनी’ खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड लपवलं, ते सभा संपेस्तोवर बाहेर काढलंच नाही!

*

नाचणगावला भर मे महिना. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो म्हणजे काय, ते लोकांना समजेना. "चला, दाखवतो!" म्हणत सर उन्हात उभ्या आमच्या गाडीत मागे जाऊन बसले. काचा बंद. "ऊन आत येते, गरमी बाहेर जात नाई. पाहा आता!"

मागच्या दारांना नातवासाठी चाइल्ड लॉक लावलेलं. त्यात नलूताईंनी सवयीनं लांबूनच रिमोट दाबला आणि चावी पर्समध्ये टाकून रस प्यायला चौकात गेल्या! पुढच्या सीटवर जावं, तर सरांचं पोट आडवं.

सर लालबुंद. काच बडवू लागले. लोकांना वाटलं, प्रयोग रंगात आला. टाळ्या!

मी मात्र चौकाकडे धावत सुटलो. नलूताई अर्धा ग्लास टाकून पळत आल्या, दार उघडलं. सर घामानं निथळत बाहेर पडले. एका काकूंनी त्यांच्या डोक्यावर लोटाभर पाणी ओतलं.

धाप लागली, तरी मास्तर तो मास्तरच! "आता... कळलं मले... पृथ्वीले कसं वाटत असन!"

सगळे खो खो हसले. काकू रिकामा लोटा घेऊन तशाच उभ्या.

"तुमाले दार तं होतं, सर. तिले कोठं हाय?"