मंग पाहू

अकराव्या भागात एक जण निघून जातो. मालिका थायलंडची असो, तैवानची असो की कोरियाची, बारा भागांची असली की अकराव्यात हे ठरलेलं. दहा भाग एकमेकांच्या मागे फिरून झालेलं असतं, आईबापाला कळलेलं असतं, सगळं जमत आलेलं असतं. मग याला परदेशात नोकरी लागते, नाहीतर त्याला वाटतं की आपल्यामुळे समोरच्याचं नुकसान होतंय. बॅग भरतो आणि जातो. बाराव्यात परत येतो. पुरुषांच्या प्रेमाच्या या मालिका मी इतकी वर्षं पाहतोय की हे मला पाठ आहे, तरी दर वेळी माझं डोकं फिरतं. एकदा रिमोट भिंतीवर फेकून मारला. नवा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "किरकेट पाहून राह्यले होते का शेठ?" मी हो म्हटलं.

रिसोडात माझा जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा आहे. घेतो, दुरुस्त करतो, रंग मारतो, विकतो. माझ्या बापाच्या नावावर बैल बांधायला खुंटा ठोकता येईल एवढीही जमीन नव्हती. ढोरांच्या बाजारात मी दुसऱ्यांचे बैल धरून उभा राहायचो. तिथून दलालीत आलो आणि बैल कमी होत गेले तसा ट्रॅक्टरांकडे वळलो. जे आहे ते बोलून आणि भांडून मिळवलेलं आहे. लग्न केलं नाही. याच्या तापट डोक्यापायी कोणी पोरगी दिली नाही, असं लोक म्हणतात. मी ते कधी खोडून काढलं नाही. माझा राग इतर कुठे आला नाही एवढा तिथे कामी आला.

यार्डाच्या मागे एक खोली आहे, तिथे टीव्ही आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी तो यायचा. तो म्हणजे जीपने अर्ध्या तासावरच्या गावातला शेतकरी. बऱ्यापैकी जमीन, बायको, एक मुलगी, एक मुलगा, म्हातारी आई. आमची ओळख ढोरांच्या बाजारातली. तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. दुपट्ट्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, किती धरली त्यावरून आकडा. भोवती माणसांचं रिंगण उभं असायचं आणि कुणाला काही कळायचं नाही. त्याच्या बैलजोडीचा सौदा मी असाच ठरवला. आकडा जमला, दोघांच्या माना हलल्या, तरी त्याने बोटं सोडली नाहीत. मीही सोडली नाहीत. शेवटी बैल घेणारा वैतागला, "जमलं का नाही बे तुमचं?"

मालिकांमध्ये बोटाला बोट लागायला चौथा-पाचवा भाग उजाडतो. मागे पियानो वाजतो आणि तेच चित्र तीन बाजूंनी दाखवतात. मला हसू येतं. आमचं ते भर बाजारात, शेणामुताच्या वासात उरकलं होतं. उरकलं नव्हतं ते पुढचं.

धंद्यात 'पाहू' म्हणजे 'नाही'. हे ज्याला कळत नाही त्याने दुकान टाकू नये. गिऱ्हाईक 'पाहू' म्हणालं की मी त्याला फाटकाबाहेर जाऊ देत नाही. "का पाह्यतं आता? इंजिन पाह्यलं, टायर पाह्यले, कागद पाह्यले. आता माहं तोंड पाह्यतं का?" निम्मे तिथेच हसतात आणि खिशात हात घालतात. उरलेल्यांना मी पुन्हा दारात उभं करत नाही.

त्याला मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही तिशी ओलांडली होती. पळून जायची भाषा नव्हती. आज ना उद्या एका घरात राहू, एवढंच. तो म्हणाला, "पोरीचं लगन होऊ दे, मंग पाहू." पोरीचं लग्न झालं. "पोराची नौकरी लागू दे, मंग पाहू." ती लागली, पुण्याला. "माय हाये तोपर्यंत नोको. मंग पाहू." म्हातारी तिच्या वेळेला गेली, तिच्या तेराव्याला पंगतीत मीच वाढायला होतो. या प्रत्येक वेळी मी मान डोलावली. तोच मी, ज्याच्या यार्डात तो शब्द चालत नाही.

दरम्यान मी यार्डावर दोन खोल्या बांधल्या. त्याचे गुडघे धरतात म्हणून कमोड बसवून घेतला. गवंड्याने विचारलं, "शेठ, एकटा माणूस, दोन खोल्या कायले?" त्याला इतकं झापलं की दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही.

मालिका मी आधी एकटाच पाहायचो. सुरुवातीला पेन ड्राइव्हवर आणलेले सिनेमे होते. त्यांत एक जण मरायचाच, नाहीतर बाशिंग बांधून रडत उभा असायचा. ते पाहून मी आठवडाभर गिऱ्हाइकांवर खेकसायचो. मग मोबाइलवर मालिका आल्या. माझं इंग्रजी ट्रॅक्टरच्या कागदांपुरतं, पण पडद्याखालच्या ओळी वाचून वाचून ते सुधारलं. त्यालाही दाखवायला लागलो. खरं सांगायचं तर माल दाखवतात तसं दाखवत होतो. हे पाहा, असं असू शकतं. पटत असेल तर बोल.

थायलंडच्या मालिकांत सगळे इंजिनिअरिंगच्या कॉलेजात असतात आणि एकाच्याही हाताला ग्रीस नसतं. पांढरे शर्ट, इस्त्री मोडलेली नाही. तो म्हणायचा, "हे कधी अभ्यास करतेत बे?" श्रीमंत असतो तो मागे लागतो, गरीब असतो तो लाजतो. इथे मात्र जो गरीब होता तोच मागे लागला, श्रीमंत झाला तरी लागलेलाच राहिला, आणि ज्याच्या घरी जमीन होती तो लाजत बसला. असली मालिका कोणी काढत नाही. कोरियाच्या मालिका आवरत्या घेतात. दोघं जवळ आले की नावांची पाटी वर सरकायला लागते. बोहनी व्हायच्या आत शटर ओढल्यासारखं वाटतं.

त्याला आवडायच्या चीनच्या. जुन्या काळातल्या, घोडे, तलवारी, लांब केस. तिथे उघड बोलायची परवानगी नाही म्हणे, म्हणून ते एकमेकांना मित्र म्हणतात, एकमेकांसाठी जीव द्यायला निघतात, आणि शेवटी डोंगरावर शेजारी उभे राहून खालची दरी पाहतात. तो मन लावून पाहायचा. "हे चांगले हायेत," म्हणायचा. "काई वंगाळ नाही." मी चिडायचो, कारण मला कळायचं की त्याला आमचंही तसंच ठेवायचं आहे. दरी पाहत.

मला जपानचे सिनेमे धरून ठेवतात. दोन माणसं नोकरीवरून येतात, एक भाजी चिरतो, दुसरा भांडी घासतो, फार बोलत नाहीत. तासभर तेवढंच. ते पाहताना तो गप्प व्हायचा आणि मधेच विचारायचा, "हे का खाऊन राह्यले?" मला माहीत नसायचं. एकदा तसाच एक सिनेमा चालू होता. त्यातला थोराड माणूस वाटी खाली ठेवतो आणि म्हणतो की मला तू आवडतोस. बाहेर यार्डात वेल्डिंग चाललं होतं. मी त्याच्याकडे न बघता तेच वाक्य आपल्या बोलीत म्हणून पाहिलं.

"तू मले आवडतं."

तो मोठ्याने हसला. "आवडाले मी का भरीत हावो?"

मीही हसलो. आपल्याकडे आवडतं ते वांग्याचं भरीत, आवडते ती भाकर. माणसाला माणूस आवडतो म्हणायला आपल्याकडे जागाच नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मग हसून झाल्यावर त्याने दुसरा काही शब्द काढायला हवा होता. त्याने चहा मागवला.

गेल्या वर्षी पुण्याला त्याला नातू झाला. सून कामाला जाते, म्हणून पोराने दोघांना बोलावून घेतलं. शेती बटईने, अर्ध्या वाट्यावर, द्यायचं ठरलं. हे मला त्याने सांगितलं नाही, बाजारात कळलं. मी जीप पकडून सरळ त्याच्या गावी गेलो.

तो अंगणात खाटेवर बसला होता. त्याची बायको ओसरीत कुरड्या डब्यात भरत होती, पुण्याला न्यायला. तिच्याशी मी कधी भांडलो नाही. भांडायला हक्क लागतो, आणि तो सगळा तिच्याकडे होता.

"या भाऊजी," ती म्हणाली. "बरं झालं आले. ह्यायले जरा समजावून सांगा."

"काय समजावू?"

"मी जाते पोरापाशी. लेकरू सांभाळाले मी पुरते. ह्यायचं तिथं का काम? मांगं आठ दिवस गेल्तो, तं हे सारा दिवस लिफ्टच्या दाराशी उभे. तुमच्या वरच्या खोल्या रिकाम्याच हायेत म्हणता ना? तं ह्यायले ठेवून घ्या तुमच्यापाशी. वावर बी जवळ राहीन, नजर राहीन."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. ती डब्याचं झाकण दाबत राहिली आणि मान वर न करता म्हणाली, "दर बाजाराले जातेत, खुशीत घरी येतेत. मले का आंधळी समजता?"

मी आयुष्यभर सौदे केले. समोरचा किती उतरेल, कुठे अडेल, हे मला चेहऱ्यावरून कळतं. पण एवढा मोठा माल कोणी एवढ्या साध्या आवाजात समोर ठेवलेला मी पाहिला नव्हता. पोरीचं लग्न झालं होतं, पोराची नोकरी होती, आई गेली होती, आणि आता बायकोने स्वतः दार उघडून धरलं होतं. अडायला काही उरलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं.

तो खाटेची सुतळी बोटाने चाचपत होता.

"पाहू," तो म्हणाला.

मग मात्र माझा तोल गेला. "का पाहू बे? का राह्यलं आता पाह्याचं? कोण राह्यलं? बोल ना!"

"ओरडू नोको. लोक का म्हणतीन?"

"लोक?" बायको म्हणाली. "इथं मीच तं हावो."

तो उठला, चप्पल घातली आणि म्हशीला पाणी दाखवायला गोठ्याकडे गेला. आम्ही दोघं तिथेच राहिलो. ती म्हणाली, "घोटभर चहा घ्या भाऊजी." मी घेतला. तिने स्वतःलाही ओतून घेतला. मला वाटत होतं की माझी तक्रार तिच्यावर आहे, त्याच्या पोरांवर आहे, गावावर आहे. इतकी वर्षं मी ती चुकीच्या पत्त्यावर पाठवत होतो. तो परत यायच्या आत मी निघालो.

ते दोघंही पुण्याला गेले.

मी अजूनही पाहतो, पण आता पाहता पाहता झोप लागते. परवा एका सिनेमात दोन म्हातारे नदीकाठी एकमेकांची औषधं वेगळी करत बसले होते. पूर्वी असलं काही दिसलं असतं तर मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं असतं. परवा मला जाग आली तेव्हा दुसराच सिनेमा लागला होता. चिडायलाही अंगात बळ लागतं, ते कुठे गेलं कळत नाही. यार्डातली माणसं आपसांत म्हणतात, शेठ आता थंड पडले. त्यांना ते चांगलं वाटतं.

त्याचा फोन येतो, दुपारी, नातू झोपला की. पिकाचं विचारतो, गुडघ्याचं सांगतो. परवा म्हणाला, "इथं समोरच्या बिल्डिंगीत दोन पोट्टे राह्यतेत. एक जण सकाळी कपडे वाळू घालते, दुसरा त्याले सांगते, असे नाही तसे घाल. भांडतेत. मंग दोघं बाल्कनीत चहा पितेत."

"दोस्त असतीन."

"अबे, मले आता समजते. तूच नाही का दाखवलं?"

"अन् लोक?"

"लोकायले कुठं टाइम हाये इथं. कोणी काई म्हणत नाही." त्याच्या आवाजात असा आनंद होता की जणू त्यात त्याचाही वाटा आहे. मग म्हणाला, "ये ना एकदा पाह्यले. हॉलमधी झोपू. पोराले सांगीन, माहा दोस्त हाये म्हणून."

जुनं ओरडणं तोंडापर्यंत आलं होतं. पूर्वीचा मी असतो तर ते बाहेर पडलं असतं आणि त्याच्या नातवाची झोपमोड झाली असती. ते आपसूक खाली बसलं.

"सध्या सीझन हाये," मी म्हटलं. खोटं नव्हतं. सोयाबीन विकून झालं की लोकांच्या हातात पैसा असतो, तेव्हाच ट्रॅक्टर जातात.

"हो, ते बी खरं हाये," तो म्हणाला.

फाटकाशी मानोऱ्याकडचं एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं, निळ्या ट्रॅक्टरच्या टायरला लाथ मारून पाहत. मी फोन ठेवला आणि गेलो. त्याने घासाघीस सुरू करायची म्हणून अगदी खालचा आकडा टाकला. घेऊन जा, मी म्हटलं. तो आनंदला नाही. पुन्हा बॉनेट उघडलं, वाकून आत पाहिलं, तेल हुंगलं, आणि माझ्याकडे संशयाने बघत विचारलं, "शेठ, खरं सांगा, याच्यात खोट का हाये?"