ताईच्या सनदेचे कागद

कोर्टाशेजारी झेरॉक्सची टपरी टाकली की वाया गेलेल्या कागदांचा ढीग लागतो. त्यातले थोडे मी पोरीला गिरवायला ठेवते, उरलेले बंबात घालते. गोष्टींचं तसं करता येत नाही. त्या साचत जातात आणि कुणी चहाला थांबलं की बाहेर पडतात. शेजारणी म्हणतात, "सुमन, तुझं पोट हाय का कपाट?" असू दे कपाट. आज ताईचा कप्पा उघडते.

आमची टपरी मुरबाडला. एक झेरॉक्स मशीन, एक मराठी टाइपरायटर. टायपिंग आमचे हे करतात. झेरॉक्स, टाचण्या, दोरा, डिंक माझ्याकडे. मी सातवी शिकलेली, तेवढ्यावर भागतं. पिंकी तेव्हा दहा महिन्यांची. ती टेबलाखाली गोधडीवर असायची आणि माझा अर्धा जीव मशीनपाशी, अर्धा टेबलाखाली. एक टाचणी खाली पडली तर मी गिऱ्हाईक सोडून टाचणी शोधत बसायची.

वनिताताई म्हणजे माझी मोठी नणंद. सिद्धगडाच्या बाजूच्या आमच्या गावातून कल्याणला ये-जा करून ती वकिलीची परीक्षा पास झाली. पण पास झालं म्हणजे वकील झालं असं नसतं, हे मला तेव्हा कळलं. मुंबईच्या ऑफिसात अर्ज करायचा, ते कागद तपासणार, मग सनद देणार, आणि मग कोर्टात उभं राहायचं. सासऱ्यांनी अट घातली होती. "होळीपत्तुर सनद आली तर आली. नाय तर शहापूरच्या पाव्हण्यांना हो सांगतो." पाव्हण्यांचं म्हणणं एवढंच, की सून कोर्टात जाणारी नको.

तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती.

*

अर्जासोबत दोन जुन्या वकिलांचे दाखले लागतात, की आम्ही हिला ओळखतो आणि हिची वागणूक चांगली आहे. पहिल्यांदा गेलो देसले वकिलांकडे. तीन वर्षं ताई आमच्या टपरीतल्या स्टुलावर बसून त्यांचे दावे लिहून देत होती. ते फक्त सही करायचे.

देसले वकील पानाला चुना लावत म्हणाले, "वनिता, दाखला म्हणजे जबाबदारी असते गो. मी तुला नीट ओळखतो, असं कसं लिहून देऊ?"

ताई उठली. टपरीत आली, फळीवरून तिच्या हाताने लिहिलेल्या मसुद्यांचा गठ्ठा काढला आणि जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवला.

"काका, मला नका ओळखू. हे अक्षर ओळखता का तेवढं सांगा. तुमाला जमत नसंल तर आत जाऊन जज्जसाहेबांना विचारून येते."

सही तिथल्या तिथे झाली. शिक्का एरवी त्यांचा कारकून मारतो. त्या दिवशी त्यांनी स्वतः मारला.

*

दुसरे मोकाशी वकील. म्हातारे, कोर्टात सगळ्यांत जुने. त्यांनी पेन उघडलं आणि थांबले.

"सही देतो. पण एक अट. माझ्या समोर उभं राहायचं नाय. मी असेन त्या केसला दुसऱ्या बाजूने वकीलपत्र घ्यायचं नाय."

ताईने कागद परत ओढला. "मग राहू द्या, आबा. तुमच्या शेजारी बसायला मी सनद नाय घेत."

मुरबाडात एवढ्या वर्षांचे वकील काय झाडाला लागतात? मी मागून तिचा पदर ओढला. मोकाशी वकिलांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आण इकडं," म्हणाले. "उद्या हरवलंस मला, तर निदान म्हाताऱ्याची पारख बरी होती म्हणतील लोक."

*

फोटो काळ्या कोटात आणि गळ्यात पांढऱ्या पट्ट्या लावून हवा होता. फोटोवाल्याकडे कोट एकच, नवरदेवाचा. ताई त्यात दोन वेळा मावली असती. त्याने मागून कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावले आणि म्हणाला, "म्होरून बघा, मागून कोण बघतंय?"

पट्ट्या सासूबाईंनी शिवल्या. पांढरंशुभ्र मऊ कापड, सरळ टीप. कुठून आणलं ते मी विचारलं नाही.

आठवड्याने सासरे शहापूरला पाव्हण्यांकडे निघाले. पेटीतून ठेवणीतलं धोतर काढलं, झटकलं, तर एका टोकाला वीतभर चौकोन गायब.

"या धोतराला कात्री कोणी लावली?"

सासूबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोर्टात जा. वकील घरातच गावंल."

पाव्हण्यांकडे सासरे त्या दिवशी पायजमा घालून गेले.

*

अर्ज भरायला ताईला दोन दिवस लागले. एकही खाडाखोड नाही. शेवटचं पान वाळायला टेबलावर ठेवलं आणि मी मशीनमध्ये कागद भरायला वळले. आमच्याकडे अंगठा देणारी माणसं पुष्कळ, त्यामुळे शाईचं पॅड कायम उघडं. पिंकी टेबलाचा पाय धरून उभी राहायला नुकतीच शिकलेली. तिने पॅडवर हात टाकला आणि ताईच्या सहीच्या बरोबर वर थाप मारली.

मी आधी तिचं तोंड उघडून बघितलं, शाई गिळली की काय. मग हात धुतला, जीभ पुसली, परत तोंड बघितलं. त्यानंतर अर्ज बघितला आणि रडायलाच लागले. नवा फॉर्म आणायचा तर परत मुंबई गाठायची.

हे म्हणाले, "ब्लेडने खरवडू का?"

"खरवडलेला कागद खोटा दिसतो," ताई म्हणाली. तिने पेन घेतलं आणि अंगठा देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी लिहितो तसं बाजूला नीट लिहिलं: 'निशाणी डाव्या हाताची, कुमारी पिंकी, वय दहा महिने, निरक्षर. समक्ष.' खाली स्वतःची सही केली. दुसरी साक्षीदार म्हणून माझी घेतली.

पुढे त्या ऑफिसाने आम्हाला बरंच काही विचारलं. पिंकीबद्दल एक शब्द नाही.

*

संक्रांत झाल्यावर मुंबईहून जाड पाकीट आलं. आत ताईविरुद्ध आलेल्या तक्रारीची नक्कल. वकिलाला दुसरा धंदा चालत नाही, म्हणून अर्जात ताईने लिहून दिलं होतं की मी नोकरी-धंदा करत नाही. तक्रारीत होतं, 'सदर अर्जदार पापडाचा धंदा करते, तरी तिला सनद देऊ नये.' गावातल्या बायकांचा आमचा बचत गट, नाचणीचे पापड करणारा. ताई त्याची अध्यक्ष.

खालची सही बघायच्या आधीच मी ओळखलं. आमच्या टाइपरायटरचा 'र' ओळीच्या वर उडी मारतो. सगळ्या पानभर उड्या मारत होता. सही सासऱ्यांची.

ताईने भावाकडे बघितलं.

हे म्हणाले, "बाबा सांगत गेले, मी टाइप करत गेलो. टाइप करताना मी वाचत नाय."

ते खरं आहे. त्यांनी एकदा स्वतःच्या मित्राला दिलेली नोटीससुद्धा टाइप केली होती आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला गेले होते.

"बरं," ताई म्हणाली, "पाकिटात कोणी घातलं?"

मी खाली बघायला लागले. डिंक मी लावला होता. तिकीट मी चिकटवलं होतं. पेटी उघडायची वेळ झाली म्हणून पिंकीला कडेवर घेऊन पोस्टापर्यंत धावत पण मीच गेले होते.

"म्हणजे पिंकी सोडून सगळेच सामील."

"कडेवर ती पण होती," मी म्हटलं.

"मग ती पण आरोपी," ताई म्हणाली आणि पुढचा कागद वाचायला लागली.

पुढच्या कागदात असं होतं, की ताईने उत्तर द्यावं आणि तक्रार करणाऱ्याने पंधरा दिवसांत तीच तक्रार शपथेवर लिहून द्यावी. शपथेवर दिली नाही तर तक्रार बंद. दिली तर चौकशी. आणि चौकशी लागली की होळी गेलीच.

घरी सासरे एवढंच म्हणाले, "मी खोटं काय लिवलं? पापड लाटता का नाय?"

त्या दिवसापासून सासूबाई त्यांच्या ताटात पापड वाढायला लागल्या. नुसते पापड.

*

ताई म्हणाली, गट माझा धंदा नाय, पण कुणाला बोट दाखवायला जागाच नको. मला अध्यक्षपदावरून काढा. शाळेच्या ओट्यावर गटाची मीटिंग भरली. वही माझ्याकडे, कारण ताई सोडून सलग लिहिणारी मीच.

बायका ऐकेनात. एकजण म्हणाली, "काढायची तर कारण लागंल. काय केलंन तिनं?"

"काय नाय केलं," मी म्हटलं.

"मग का काढायची? उद्या लोकं बोलतील, वनितानं गटात खाल्लं. आमी नाय अंगठा देणार."

दुसरी म्हणाली, "तिनं काय वाईट केलं नाय, असं आधी लिव. मग काढ."

मी तसंच लिहिलं. 'वनिताताईंनी काहीही वाईट केलेले नाही, म्हणून त्यांना सर्वांच्या मते काढून टाकण्यात येत आहे.'

ताईने वाचलं आणि म्हणाली, "यातला एक शब्द बदलू नकोस." त्याची झेरॉक्स उत्तराला जोडून मुंबईला गेली. नवी अध्यक्ष मी झाले. बिनविरोध.

*

आता शेवटचं. पंधरापैकी चौदावा दिवस. सासरे टपरीत आले. दोन दिवस ते शपथेचा कागद लिहून घ्यायला कोर्टात फिरत होते. देसले वकील म्हणाले, मी तिला दाखला दिलाय, तिच्याविरुद्ध कसं लिहू. मोकाशी वकिलांनी तेच सांगितलं. सासरे बाकड्यावर बसले. आमचे हे कुणी हाक मारल्यासारखे उठले आणि चहाला निघून गेले.

ताई स्टुलावर होती. "बाबा, उद्या मुदत संपते."

"म्हाईत हाय."

"सांगा, मी लिहिते."

मला वाटलं, थट्टा करते. पण तिने कोरा कागद घेतला, समास सोडला आणि नाव, वय, धंदा शेती, सगळं रीतसर लिहायला लागली. ते सांगत होते, ती लिहीत होती. मध्ये एकदा म्हणाली, "पापड बाजारात विकतात हे राहिलं तुमचं. ते घाला, मुद्दा मजबूत होतो." घातलं. मग कायद्याप्रमाणे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. "वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो खरा आहे, खोटा निघाल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. करा सही."

सासऱ्यांनी पेन धरलं. पिंकी त्यांच्या पायाशी आली, मी तिला उचललं.

"वने," ते म्हणाले, "हे लिवलंस म्हंजी तू आता माजी वकील ना?"

"या कागदापुरती."

"मग सल्ला दे. देऊ का नको?"

"केस कच्ची हाय, बाबा. गट माझा नाय, पद मी सोडलंय, तुमच्याकडं दुसरा कागद नाय. मागं घ्या."

"आनि नाय घेतली तर?"

"तर समोर मी हाय."

कोर्टात पुकारा चालू होता. सासऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे वळले.

"सूनबाय, तुला येतं का ते मशीन?"

"एका बोटाने येतं, मामा."

"मग टाइप कर. मी माजी तक्रार मागं घेतो."

मी पिंकीला ताईकडे दिलं, कागद चढवला आणि एक एक अक्षर शोधत ठोकायला लागले. 'घेतो'पर्यंत आले आणि विचारलं, "मामा, खाली कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिव," सासरे म्हणाले, "वकिलाच्या सल्ल्यावरून."