रोइंग मशीनवरचा पळणारा

पळणाऱ्यांकडं किस्से साठतातच. पळताना दम लागतो, बोलता येत नाही. सगळं चहाच्या टपरीसाठी राखून ठेवावं लागतं. आमची इंदापूरची टोळी चौघांची. माझा गुडघा गेला, डॉक्टरांनी पळणं बंद केलं आणि टोळी तिघांची झाली. किस्से माझ्याकडं राहिले, ऐकायला कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

*

आमचे तात्या, शाळेतले रिटायर पीटी सर, टोळीचे गुरू. म्हणाले, "जिममधल्या रोइंग मशीनवर बस. बसल्या जागी वल्हवायचं, गुडघ्याला दणका न्हाय. आन् दहा हजार मीटर पळणारी छाती हाय तुझी. आठवड्यात सगळ्यांना गार करशील!"

मला पटलं. न पटून करतो काय? दुसरं उरलं काय होतं?

*

पहिल्या दिवशी पावलं टाकावीत तसा भराभर ओढत सुटलो. घाम धो धो, मीटरचा आकडा मात्र पुढं सरकेना. शेजारी हणमंतराव बघत होते. लोणी देवकरला एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात, शंभर किलोचा गडी.

"पाव्हणं, ताक घुसळताय व्हय? आधी पायानं रेटा, मग ओढा!"

मग स्वतः बसले. मी ओढले तेवढेच दोन हजार मीटर, अगदी निवांत. माझ्यापेक्षा मिनिटभर कमी वेळात संपवून घाम पुसत उठले!

*

तात्यांना हे सहन होईना. रविवारी टोळीतल्या बाकी दोघांना घेऊन जिममध्ये हजर. तिघंही बसले, तिघंही हणमंतरावांकडून हरले. दम सगळ्यांकडं होता हो, पण ओढायला अंगावर मांस नको?

तात्या मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "मशीन बिघडलंय!"

*

हणमंतराव इरेला पेटले. दुसऱ्याच दिवशी पहाटे टोळीबरोबर कालव्यावर पळायला गेले. दुसऱ्या पुलापर्यंत पोचले आणि उसाच्या ट्रॉलीत बसून परत आले.

मला म्हणाले, "माणसं न्हाईत ती, हरणं हायती!"

*

त्या रविवारनंतर तिघं जिमकडं फिरकले नाहीत. राग नाही माझा. पण एकटं वाटायचं, फार वाटायचं. मला कुठं जिंकायचं होतं? कुणाच्या तरी सोबतीनं दमायचं होतं, एवढंच.

टोळीत आमची एक रीत. पहाटेच्या अंधुक उजेडात पुढचा ओरडतो, "खड्डा!" मागचे ओरडतात, "चुकवला!" म्हणजे पुढच्याला कळतं, सगळे मागं आहेत.

परवा डोळे मिटून ओढत होतो. शेवटचे पाचशे मीटर, जीव घशाशी. आणि तोंडातून निघून गेलं, "खड्डा!"

अख्खी जिम थांबली. कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. डोळे उघडायची हिंमत होईना, म्हणून तसाच ओढत राहिलो.

मागं डंबेल खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग हणमंतराव दणदणीत ओरडले,

"चुकवला! चला पुढं!"