तेरोयचा मागचा टायर

बदामाच्या झाडाखालच्या आमच्या भाड्याच्या मोटारसायकलींच्या स्टँडवर तेरोयच्या तोंडी कुणी लागत नसे. माणूस वाईट नव्हता, पण टायरचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं. सकाळी आम्ही गाड्या रांगेत लावून पाव-कॉफी घेत बसलेलो असायचो आणि हा पठ्ठ्या एकेका गाडीमागे उकिडवा बसून मागच्या टायरवरून अंगठा फिरवायचा. डोळ्यांनी बघायचा नाही. चिखल भरलेली नक्षी नुसती बघितली तर खोलच वाटते, असं त्याचं म्हणणं. अंगठा मध्यावर गुळगुळीत सरकला की उठायचा, ती गाडी ढकलत रांगेबाहेर काढायचा आणि सांगायचा, आज केळी ने, खोबरं ने, डुक्कर ने, माणूस न्यायचं नाही. माझी गाडी त्याने किती वेळा बाहेर काढली याला गणती नाही, आणि दरवेळी मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अर्थात मनातल्या मनात. मागून आम्ही त्याला 'टायरचे फादर' म्हणायचो. चर्चमधल्या फादरपुढे नसतील एवढे कबुलीजबाब त्याच्यापुढे होत.

हे वेड त्याला जन्मापासून नव्हतं. तरुणपणी तोही आमच्यासारखाच होता, टायरच्या आतले धागे दिसेपर्यंत गाडी हाणणारा. पासिंगशी त्याचं लग्न झालं, ती पोटुशी राहिली, आणि एकदा तिला मागे बसवून बाजारातून परतताना तांगलादच्या चढणीवर त्याचा मागचा टायर सरकला. ती चढण लाल मातीची आहे, पाऊस पडला की साबण होते. पासिंगला नुसतं खरचटलं, पण मूल गेलं, आणि पुन्हा राहिलं नाही. आमच्या वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पासिंगने त्याला त्यावरून कधी एक शब्दही ऐकवला नाही, असं माझी आई सांगायची. ऐकवला असता तर त्या माणसाचं बरं झालं असतं, असंही तीच म्हणायची.

तेव्हापासून तो मऊ रबराचा टायर लावायचा. मऊ रबर ओल्या मातीलाही धरून राहतं, पण वर्षाच्या आत झिजतं. कडक रबर चिवट, संपता संपत नाही, पण पावसात त्याचा भरवसा नाही. आम्ही सगळे कडकवाले. फादरांचा मात्र दर फिएस्ताच्या, म्हणजे गावच्या संताच्या वार्षिक जत्रेच्या आधी नवा मऊ टायर, जसा इतरांचा नवा शर्ट.

पासिंग त्याच्या अगदी उलट होती. तांदळाच्या वाफवलेल्या वड्या करून बाजारात विकायची, आणि तिचं हसणं वळणापलीकडून ऐकू यायचं. टोपली मांडीवर घेऊन त्याच्या मागे बसायची आणि रस्ताभर त्याच्या बरगडीत कोपर मारत म्हणायची, फादर, जरा पळवा की, वड्या थंड व्हायला लागल्या. आम्ही ठेवलेलं नाव तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडावर घेतलं. तो तिच्यावर कधी चिडला नाही, हे मात्र मी छातीठोकपणे सांगतो.

मग पासिंगच्या पोटात गाठ निघाली. तेरोयने बाकीची गिऱ्हाइकं सोडून दिली आणि तो फक्त तिला घेऊन शहरातल्या इस्पितळात खेपा घालू लागला. त्याच सुमाराला आमच्या लक्षात आलं की त्याचा मागचा टायर गोटा होत चाललाय. फिएस्ता येऊन गेला तरी नवा टायर आला नाही. आम्हाला आयतंच कोलीत मिळालं. कुणी म्हणे, फादरांनाच आता कबुलीजबाब द्यायची वेळ आली. कुणी त्याची गाडी रांगेबाहेर ढकलायला गेला. तो हसला नाही, रागावलाही नाही, 'अजून आहे' म्हणाला आणि निघून गेला.

मी वयाने लहान, शेजारी राहणारा, त्याला नोंग म्हणजे दादा म्हणायचो आणि तो मला दोंग, म्हणजे पोरा, त्यामुळे मला तोंड सोडायची मुभा होती. त्याच्या अंगणात गाडी उभी होती, मी सरळ जाऊन टायरवर अंगठा ठेवला. म्हटलं, "नोंग तेरोय, हा गेलाय. माझा असता तर तू मला लाथ घातली असतीस."

तो पायरीवर बसून पासिंगसाठी मक्याची पेज ढवळत होता. म्हणाला, "महिन्यापूर्वी होता तेवढाच आहे, दोंग. झिजत नाहीये."

"न झिजायला काय झालं?"

"तिचं वजनच राहिलं नाही," तो म्हणाला. "टायर झिजणार कशाने?"

माझ्या जिभेवर आलेला टोमणा मी गिळला. टायर बघून जगातली प्रत्येक गोष्ट ओळखणारा माणूस होता तो, आणि आपली बायको किती उरली आहे हेसुद्धा त्याला टायरनेच सांगितलं होतं.

पुढचं आम्हाला टायरवाल्या मांदोकडून कळलं. तेरोय त्याच्या दुकानात गेला होता. नेहमीचा मऊ टायर खाली काढून घेतला, उलटासुलटा करून बघितला. मांदो सगळ्यांना म्हणतो तेच त्यालाही म्हणाला, घे डोळे मिटून, पुढच्या फिएस्तापर्यंत बघायला नको. तेरोयने तो टायर परत खुंटीला अडकवला आणि निघून गेला. डॉक्टरांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की पासिंग नाताळ बघणार नाही. तिच्यापेक्षा जास्त टिकेल अशी वस्तू त्याला घरात आणवत नव्हती. नवा टायर बसवणं म्हणजे ती जाणार हे स्वतःच्या हाताने नट आवळून पक्कं करणं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं असावं. आम्ही त्या दिवसापासून त्याची टिंगल बंद केली. चूक करतोय हे दिसत होतं, पण बोलणार कोण?

एका सकाळी बारीक पाऊस पडून गेला होता. मी खोबऱ्याची पोती घेऊन तांगलादची चढण उतरत होतो आणि पुढे तेरोय, मागे पासिंग. वळणावर त्याचं मागचं चाक फरकन बाजूला गेलं. त्याने पाय टेकून गाडी सावरली. कुणी पडलं नाही, पण तो गाडी लावून कडेच्या दगडावर जाऊन बसला आणि परत गाडीला हात लावेना. पासिंग त्याच्या शेजारी उभी होती, डोक्याला रुमाल, अंगातला कोट दुसऱ्याच कुणाचा असावा इतका मोठा. तिने मला हाक मारली.

"दोंग, ती पोती टाक इथेच. मला मांदोच्या दुकानात ने. आमचे फादर येतील मागून."

मी तिला घेतलं. गाडी चालवताना मागे कुणी बसलंय हे मला जाणवत नव्हतं. मी दोनदा मान वळवून बघितलं, तर तिने कोपर मारलं आणि म्हणाली, पुढे बघ, मी आहे अजून. शहाळ्यांच्या गाड्यापाशी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि बरं झालं, तिला ते मागून दिसत नव्हतं.

दुकानात तेरोयने मऊ टायरकडे बोट दाखवलं. मांदो तो काढायला गेला, तेवढ्यात पासिंग म्हणाली, "तो नको. तो वरचा दे, कडक."

"कडक पावसात सरकतो," तेरोय म्हणाला. "तू मागे असताना मी कडक लावणार नाही."

"मी किती दिवस मागे असणार आहे, तेरोय?"

मांदो घाईघाईने स्वच्छ ट्यूब फडक्याने पुसायला लागला. मी दारात उभा होतो, आत यावं की बाहेर जावं कळेना.

"मऊ टायर वर्षभरात संपेल," ती म्हणाली. "मग तू दुसरा घेणार नाहीस. गाडी घराखाली लावशील आणि खिडकीत बसून राहशील. तुला काय मी आज ओळखते? कडक घे. तो संपेपर्यंत गाडी सोडायची नाही, एवढं मला कबूल कर. संपला की मग तुझं तू बघ."

"आणि तू पडलीस तर?"

पासिंग काउंटरला टेकली. तिला उभं राहवत नव्हतं. "पडलेय मी एकदा तुझ्या मागून," ती म्हणाली. "तुला टाकून गेले का?"

एवढ्या वर्षांत त्या पडण्याविषयी ती पहिल्यांदा बोलली असावी. तेरोय मांदोच्या स्टुलावर खाली बसला आणि बाहीने तोंड पुसत राहिला. मग त्याने मान हलवली. टायर बसवताना नेहमी मांदोच्या हातातला पाना काढून घेणारा हा माणूस त्या दिवशी बसून राहिला. टायर मांदोने बसवला.

त्या कडक टायरवर पासिंग इस्पितळाच्या थोड्याच खेपा गेली. तेरोय इतका हळू चालवायचा की कोंबड्या आडव्या जाऊन परत यायच्या, आणि ती मागून ओरडायची की अशाने मी पोचेपर्यंत डॉक्टरच म्हातारा होईल. नाताळाच्या बऱ्याच आधी ती गेली. नऊ दिवस आम्ही त्यांच्या घरी प्रार्थनेला जमलो, बायकांनी तिच्यासारख्या वड्या करायचा प्रयत्न केला आणि कुणालाच जमल्या नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी तेरोय स्टँडवर आला आणि रांगेत गाडी लावली. आम्हाला वाटलं, चला, सावरला.

पण तो जड ओझी मागून घ्यायला लागला. सिमेंटच्या गोण्या, भाताची पोती, पाण्याचे पिंप, दगडसुद्धा. ज्या वाटेवर आम्ही गाडी घालत नाही त्या खडकाळ वाटेने मुद्दाम जायचा. कचकन ब्रेक मारायचा. मला वाटलं दुःख असं बाहेर पडतंय, पडू दे. शेवटी एकदा त्याला अडवून म्हटलं, नोंग, टायरची वाट लावतोयस, तिने दिलेला आहे निदान त्याची तरी कदर कर.

"संपवायचाच आहे," तो म्हणाला. "संपला की सुटलो. तसंच ठरलंय."

मला भयंकर राग आला. त्या बाईने मरता मरता याच्यासाठी पुढचे दिवस मागून घेतले, आणि हा ते भराभर खर्च करून मोकळा व्हायला निघाला होता. मी त्याला वाटेल ते बोललो. तो ऐकत उभा राहिला, मग म्हणाला की दगड उतरवायला हात लाव. मी हात लावला.

कडक टायर कितीही चिवट असला तरी दगड वाहून किती टिकणार? दुसरा पावसाळा सरला आणि एके सकाळी तेरोय रांगेत न लागता सरळ माझ्यापाशी आला. दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. त्याच्या तोंडावर मला एक निवांतपणा दिसला, तो मला काही बरा वाटला नाही.

"दोंग, अंगठा ठेव," तो म्हणाला. "मी म्हटलं की संपला, तर तिला वाटेल मी लबाडी केली. दुसऱ्या कुणीतरी सांगायला पाहिजे."

मी गाडीमागे बसलो. कडेपासून कडेपर्यंत अंगठा फिरवला, नक्षी कुठेच लागली नाही.

"अजून आहे," मी म्हणालो.

"नीट बघ."

"बघितलं, नोंग. कडेला आहे अजून."

त्याने माझ्याकडे बघितलं. टायरच्या बाबतीत त्याला फसवणारा माणूस आमच्या डोंगरात जन्माला आलेला नाही. मग म्हणाला, "आहे तर आहे." बाकावर येऊन बसला आणि कुणीतरी पुढे केलेली कॉफी घेतली.

नवा घे, असं मी नंतर सुचवून पाहिलं. तसं काही ठरलं नव्हतं, एवढंच म्हणाला. माणूस किंवा ओझं तो आता नेत नाही, नंबर आला की मागच्याला देतो. पण रोज येतो, मी रोज अंगठा ठेवतो, रोज तेच सांगतो. मला रात्री झोप लागेना. असल्या टायरवर तो तांगलादची चढण उतरतो, उद्या काही झालं तर ते माझ्या एका खोट्या शब्दामुळे. म्हणून परवा मी पहाटेच निघालो, चढणीच्या वळणावर त्याला गाठायचं आणि खरं ते सांगून टाकायचं ठरवून.

वळणाशी मला तो वरून येताना दिसला. गाडीवर बसलेला नव्हता. हँडल दोन्ही हातांनी धरून, खडे चुकवत चुकवत, गाडी चालत खाली आणत होता. टायर आणखी झिजू नये म्हणून. मी झाडाआड थांबलो, त्याला पुढे जाऊ दिलं, आणि मग स्टँडवर जाऊन त्याच्या गाडीमागे उकिडवा बसून रोजच्यासारखा अंगठा ठेवला.